पिंजऱ्यापुढचा पाव तास



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की गावोगावी सहलीची बोलणी सुरू होतात. एस. टी. ची गाडी ठरवायची, पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, शिदोरी कुणी काय आणायची ते सांगायचे, एक ना दोन! पुण्याच्या बाजूला यायचे ठरले, तर सिंहगड, शनिवारवाडा आणि कात्रजचे प्राणिसंग्रहालय ही तीन नावे हटकून निघतात. मुलांना विचारून पाहा, तिसरे नाव ती पहिले घेतील. त्या तिसऱ्या नावाविषयी, म्हणजे प्राणिसंग्रहालयात घालवायच्या एका दिवसाविषयी, आज चार गोष्टी बोलायच्या आहेत.

हा दिवस पुष्कळदा कसा जातो ते तुम्हांला ठाऊक आहे. गाडी दारात थांबते, मुले उड्या टाकतात, गुरुजी शिट्टी वाजवतात, आणि दोन तासांत सगळे पिंजरे पळत पळत पाहून होतात. वाघ झोपलेला असतो म्हणून मुले त्याला हाका मारतात. माकडाला शेंगदाणे टाकायला कुणी तरी पुढे होतोच. संध्याकाळी घरी आल्यावर आई विचारते, "काय पाहिलंस रे?" पोरगा सांगतो, "वाघ पाहिला, हत्ती पाहिला, आइस्क्रीम खाल्लं." झाली सहल!

आता मी तुम्हांला विचारतो, एवढ्यासाठी का आपण मुलांना पन्नास-शंभर मैल घेऊन जातो?

खरे म्हणजे या जागेचा सर्वांत मोठा उपयोग खेड्यातल्या मुलालाच आहे. शहरातल्या मुलाला साप पुस्तकात भेटतो. तुमच्या मुलाला तो सरपणाच्या ढिगात भेटतो, गोठ्यात भेटतो, कधी अंथरुणाशी भेटतो. शहरातल्या मुलाला बिबट्या चित्रात दिसतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागातल्या मुलाला तो उसाच्या फडातून रस्ता ओलांडताना दिसतो. पण तिथे काय होते? एक तर तो पळतो, नाही तर आपण पळतो. नीट निरखून पाहायला सवड कुणाला असते? म्हणून ज्याच्या शेजारी आपण जन्मभर राहतो, त्याला ओळखण्याची वेळच येत नाही. प्राणिसंग्रहालयात मध्ये काच असते, जाळी असते, खंदक असतो. भीती नाही आणि घाईही नाही. शेजाऱ्याचा चेहरा निवांत पाहून घ्यायचा, एवढ्यासाठी तिथे जायचे.

या जागेची थोडी माहिती आधी सांगतो. पुणे महानगरपालिकेने पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ साली पेशवे उद्यान सुरू केले. तिथल्या प्राण्यांना आणि 'फुलराणी' नावाच्या छोट्या आगगाडीला पाहायला आपल्यापैकी कित्येकजण लहानपणी गेले असतील. पण शहराच्या मध्यावर, लहान पिंजऱ्यांत प्राणी ठेवणे योग्य नाही, हे पुढे सर्वांनाच पटत गेले. कात्रजला तळ्याकाठी सुमारे १३० एकर जागेवर नवे संग्रहालय उभे राहिले. ते १९९९ साली लोकांना खुले झाले आणि हळूहळू जुन्या बागेतले प्राणी तिकडे गेले. हे तळेही ऐतिहासिक बरे का! पेशवाईत याच तळ्यातून बांधीव नळांनी पुणे शहरात पाणी खेळवले होते. संग्रहालय दर बुधवारी बंद असते, तेव्हा शिक्षकमित्रांनो, दिवस ठरवताना तेवढे पाहून घ्या.

आत गेल्यावर मुलांना पहिल्याने सर्पोद्यानात न्या. पुण्याचे हे सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केले. हेच ते गृहस्थ, ज्यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले. साप काही आपण होऊन माणसावर धावून येत नाही, हे लोकांना पटवून द्यायचे होते, म्हणून त्यांनी हे धाडस केले. तुम्हीआम्ही तसले काही करायचे नाही! पण त्यातला बोध घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या राज्यात सापांच्या कितीतरी जाती आहेत. पण माणसे दगावतात ती मुख्यतः चार जातींमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ही चार नावे मुलांना पाढ्यासारखी पाठ हवीत, आणि ही चार रूपे डोळ्यांत बसायला हवीत. नाग फण्यावरून ओळखू येतो. पण फणा नसेल काढला तर? तेव्हा घोटाळा होतो. मण्यार काळीनिळी, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. ते पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे विरळ होत जातात. बिनविषारी कवड्या साप साधारण असाच दिसतो, पण त्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. घोणस जाड अंगाची, त्रिकोणी डोक्याची, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी. डिवचली तर कुकरच्या शिटीसारखा फूत्कार सोडते. अजगराचे पिल्लू समजून हिला हात लावणारे लोक आहेत, आणि तो हात त्यांना फार महाग पडतो. फुरसे चणीने लहान. कोकणातल्या श्रोत्यांना त्याची ओळख करून द्यायला नकोच. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज काढते.

काचेपुढे मुलांना पाव तास बसू द्या. साप जीभ का आतबाहेर करतो, ते विचारा. मुले म्हणतील, डसायला! जिभेने साप डसत नाही. हवेतले वासाचे कण तो जिभेवर गोळा करतो आणि टाळूत वास ओळखण्याची जागा असते, तिथे नेऊन पोचवतो. म्हणजे ती जीभ त्याच्या नाकाचे काम करते. सापाला बाहेरून कान नसतो. गारुड्याची पुंगी ऐकून नाग डोलतो हे खरे नव्हे. पुंगी जिकडे हलते तिकडे तो सावधपणे तोंड फिरवतो, इतकेच. जमिनीची थरथर मात्र त्याला चांगली कळते. म्हणून अंधारात काठी आपटत चालावे, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांचे सांगणे अगदी शहाणपणाचे आहे.

दुसरा प्रश्न धामणीचा. धामण गाईचे दूध पिते, असे अजून गावोगाव म्हणतात आणि दिसली की ठेचतात. मुलांना सांगा, सापाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात. त्याला चोखता येत नाही. असले दात आचळाला लागले तर गाय गप्प उभी राहील का? धामण शेतात येते ती उंदरांसाठी. पोत्यातले धान्य खाणाऱ्याला जी खाते, तिला आपण मारतो, आणि मग उंदीर फार झाले म्हणून औषध विकत आणतो. हा व्यवहार कुठला?

आता जरा गंभीर बोलू. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. यांतल्या पुष्कळांचे प्राण वेळेवर दवाखाना गाठला असता तर वाचले असते. वेळ जातो कुठे? तो जातो मांत्रिकाच्या दारात. मांत्रिकाकडे नेलेला माणूस कधी कधी वाचतो, हे खरे. पण का वाचतो? बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष टोचतोच असे नाही. असा माणूस मंत्राविनाही वाचलाच असता. खरे विष भिनलेल्या माणसाला मंत्राचा काहीही उपयोग होत नाही.

तेव्हा साप चावला तर काय करायचे ते नीट ऐका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा. दोरीने करकचून आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने चोखू नका. साप शोधत बसू नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. तिथे प्रतिविष टोचतात. हे प्रतिविष तयार होते कसे, ते मुलांना मुद्दाम सांगा. सापाचे विष अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याचा प्रतिकार करणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून औषध बनवतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी सर्वत्र माहीत आहे. म्हणजे पाहा, सापाने चावलेला माणूस वाचतो तो सापाच्याच विषामुळे आणि घोड्याच्या उपकारामुळे!

आणखी एक गोष्ट. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. घरात असे कुणाला झाले, तर सापाची शंका धरा आणि लगेच दवाखान्यात न्या. पावसाळ्यात शक्य तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा. एवढ्याने फार मोठे संकट टळते.

सर्पोद्यान झाले की बिबट्याकडे चला. खेड्यापाड्यांत पुष्कळजण त्याला 'चित्ता' म्हणतात. पण चित्ता वेगळा. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात, फुलाच्या पाकळ्यांसारखी. चित्ता आपल्या देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने १९५२ साली जाहीर केले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेतून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले. तेव्हा आपल्या उसात असतो तो बिबट्याच.

त्याच्याकडे नीट पाहा. अंग कसे जमिनीला धरून चालते, पावलांचा आवाज कसा येत नाही, आणि तो कुणाकडे टक लावून पाहतो. पुढे उभ्या असलेल्या गुरुजींपेक्षा खाली बसलेल्या लहान मुलाकडे त्याचे लक्ष जास्त जाते, असे पुष्कळदा दिसेल. यात मोठा धडा आहे. वाकलेला, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटतो. म्हणून बिबट्याच्या मुलखात अंधारात उघड्यावर एकट्याने बसू नये. लहान मुलाला तिन्हीसांजेनंतर अंगणापलीकडे एकटे सोडू नये. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जावे लागते, हे शेतकऱ्याचे दुखणे खरेच आहे. पण जाताना दोघे जा, बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत जा किंवा मोबाईलवर गाणी लावा. शेळ्यामेंढ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. ज्या घरांनी या भागात आपले मूल गमावले आहे, त्यांचे दुःख शब्दांनी हलके होणार नाही. निदान त्यापासून पुढच्या घराने सावध व्हावे.

मग लोक म्हणतात, "धरून लांब नेऊन सोडा की!" ऐकायला सोपे वाटते. जुन्नर भागात २००१ नंतरच्या काही वर्षांत असे पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. माणसांवरचे हल्ले त्याने थांबले नाहीत, उलट वाढले, असे अभ्यासात दिसले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरे येते. संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला एक बिबट्या तर फार प्रसिद्ध झाला. २००९ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. त्याला काढून गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटाजवळ सोडले. वयाने मोठा म्हणून नाव पडले 'आजोबा'. हे आजोबा हमरस्ते आणि लोहमार्ग ओलांडत, शंभर किलोमीटरहून जास्त चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोचले! वाटेत कितीतरी वस्त्या होत्या, पण त्यांनी कुणा माणसाला इजा केल्याचे ऐकिवात नाही. २०११ च्या अखेरीस मात्र एका वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्यावर 'आजोबा' याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. मांजराएवढी गोजिरवाणी! ती उचलून घरी आणू नका. त्यांच्याबरोबर फोटो काढत बसू नका. आई जवळच असते. काम थांबवून वनखात्याला कळवा. पिल्ले जागच्या जागी ठेवली तर बहुधा रात्री आई येऊन घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी किती चवताळते, हे गाय वासरासाठी काय करते ते पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

हरणांच्या कुरणापाशी मुले दमलेली असतील. तिथे त्यांना शिदोरीच्या आधी एक कोडे घाला. चितळाचे शिंग आणि काळविटाचे शिंग यांत फरक काय? चितळाच्या शिंगाला फाटे असतात, ते भरीव असते, दरवर्षी गळते आणि नवे येते. काळविटाच्या शिंगाला फाटे नसतात, पीळ असतो, ते पोकळ असते आणि जन्मभर टिकते. पहिल्याला जाणकार सारंग म्हणतात, दुसऱ्याला कुरंग. गाईबैलांची शिंगे कोणत्या प्रकारची, ते मुले आपली आपणच सांगतील. आणि इथेच शेतकऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. जुलै २०२५ मध्ये याच संग्रहालयातली काही चितळे लाळ-खुरकूत रोगाने दगावली. आपल्या गोठ्यात येतो तोच हा रोग. रानातले जनावर आणि दावणीचे जनावर यांच्यामध्ये रोगाला कुंपण नसते. गुरांना वेळच्या वेळी लस टोचून घ्या. त्यात तुमचेही भले आहे आणि हरणाचेही.

मगरीपुढे मुले म्हणतील, ही तर मेलेली आहे! तोंड उघडे टाकून ती तासन् तास पडून राहते. तिच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नाही. ती उन्हाने अंग तापवते आणि तोंड उघडून डोक्याचा ताप कमी करते. सांगलीकडे कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांनी हे चित्र पुष्कळदा पाहिले असेल. थंडीत ती उन्हाला काठावर येते, म्हणून त्या दिवसांत धुण्याला आणि जनावरांना पाण्यावर नेताना जास्त जपायचे.

अस्वल पाहाल तेव्हा तिथल्या वडीलधाऱ्यांना दरवेशी आठवेल. नाकात वेसण घातलेले अस्वल दारोदार नाचत येई, आणि आपण टाळ्या पिटत असू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हळूहळू तो खेळ बंद पडला, आणि शेवटची उरलेली नाचणारी अस्वले २००९ च्या सुमारास सोडवली गेली. बरे झाले. अस्वलाला पुढचे वरचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी नळीसारखी ओढून घेते. निसर्गाने ज्याला असे तोंड दिले, त्याच्या नाकात आपण दोरी घातली होती, हे मुलांना सांगायला आपण लाजू नये.

आता शिक्षकांसाठी थोडेसे. सगळे पिंजरे पाहिलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. वर्गाच्या आठ-दहा मुलांच्या टोळ्या करा. प्रत्येक टोळीला एकच प्राणी द्या आणि त्याच्यापुढे पाव तास गप्प बसवा. तो किती वेळा उठला, काय खाल्ले, कान कुठे वळवले, दुसरा आल्यावर काय केले, एवढे पाटीवहीत लिहू द्या. पहिली पाच मिनिटे मुले चुळबुळ करतील. पुढची पाच कंटाळतील. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना दिसायला लागेल. सकाळी लवकर गेलात तर प्राणी जागे आणि हिंडते असतात. भर दुपारी तेही आपल्यासारखेच सावली शोधतात. खाऊ टाकायचा नाही, खडा मारायचा नाही, प्लॅस्टिकची पिशवी तर हातातून सुटू द्यायची नाही. ती पोटात गेली तर हरीण तडफडून मरते.

आणि सहलीचा शेवट गाडीतून उतरल्यावर होऊ नये. पुढच्या आठवड्यात मुलांकडून चार विषारी सापांचे तक्ते काढून घ्या. एक शाळेच्या भिंतीवर, एक ग्रामपंचायतीत, एक पिठाच्या गिरणीत लावा, कारण गिरणीत सारे गाव येते. खाली जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा आणि वनखात्याच्या कचेरीचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत लिहा.

वडीलधाऱ्या श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे. सहलीहून आलेले पोर जर म्हणाले, "आबा, ही धामण आहे, मारू नका," तर त्याला गप्प बसवू नका. काठी खाली ठेवा आणि त्याला विचारा, "कशावरून रे?" ते सांगू लागेल. ऐकून घ्या. कुणास ठाऊक, उद्या रात्री-अपरात्री घरात कुणाला काही चावले, तर मांत्रिकाकडे की दवाखान्यात, याचा निकाल तेच पोर लावील आणि घरातला एक जीव वाचवील.